सही करण्याआधी : वैद्यकीय हलगर्जीपणा आणि नुकसानभरपाई समजून घेऊया



आजचा पाठ पुस्तकातला नाही. तो माझ्या टेबलावर एका कागदाच्या रूपात आला.

आमच्या दापोड्यात शेतं कमी आणि गोदामं जास्त. मानकोली नाक्यापासून आत वळलं की दोन्ही बाजूंना पत्र्याच्या शेड आणि कंटेनरच्या रांगा दिसतात. वर्गातल्या निम्म्याहून अधिक मुलांचे वडील माल चढवण्या-उतरवण्याचं काम करतात. मागच्या पावसाळ्यात सातवीतल्या एका मुलाचे वडील शाळा सुटायच्या वेळी आले. उजवा हात गळ्यात अडकवलेला, डाव्या हातात घडी केलेला कागद. म्हणाले, "मॅडम, इंग्रजीत आहे. वाचून सांगा. सही करायची का नाही?"

हकीकत अशी होती. गोदामात खोका पडून हात मोडला. जवळच्याच एका खाजगी दवाखान्यात घट्ट प्लास्टर घातलं. रात्रभर कळा येत होत्या, बोटं काळी-निळी पडली होती. घरच्यांनी दोनदा जाऊन सांगितलं, दोन्ही वेळा उत्तर मिळालं, "सूज आहे, उतरेल." तिसऱ्या दिवशी ठाण्याला नेलं. तिथे प्लास्टर कापलं, तोवर आतला रक्तपुरवठा तुटून स्नायू मेले होते. हात वाचला, पण मूठ मिटत नाही. आता पहिला दवाखाना म्हणत होता की बिलाचे बावीस हजार परत देतो, या कागदावर सही करा. कागदात लिहिलं होतं की उपचाराबद्दल माझी काहीही तक्रार नाही आणि पुढेही राहणार नाही.

मी वाचून दाखवलं. पण "सही करू का?" याचं उत्तर मला देता आलं नाही. एवढंच म्हणाले, "भाऊ, दोन दिवस थांबा." त्या दोन दिवसांत आणि नंतर जे वाचलं, विचारलं, समजून घेतलं, ते आज तुमच्यासमोर मांडते आहे. असा कागद घेऊन पालक आपल्याकडेच येतात, कारण त्यांच्या ओळखीत लिहितं-वाचतं माणूस म्हणजे मुलाचे शिक्षक.

१. हलगर्जीपणा म्हणजे नेमकं काय?

पहिली गोष्ट स्पष्ट करूया. रुग्ण बरा झाला नाही किंवा दगावला, म्हणजे डॉक्टर दोषी, असं नाही. कायदा डॉक्टरकडून चमत्कार मागत नाही. त्या शाखेच्या सर्वसाधारण जाणत्या डॉक्टरने जेवढी काळजी घेतली असती, तेवढी घेतली का, एवढंच तो विचारतो.

याचं जुनं आणि आपल्याकडचंच उदाहरण आहे. मे १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर वीस वर्षांच्या एका मुलाचं मांडीचं हाड मोडलं. त्याला पुण्याला आणलं. तिथे पुरेशी भूल न देता जोर लावून हाड बसवलं गेलं आणि त्याच दिवशी मुलगा धक्क्याने गेला. आई-वडिलांनी दावा केला. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला १९६८ साली. 'जोशी विरुद्ध गोडबोले' या नावाने तो आजही सांगितला जातो. त्यात डॉक्टरची तीन कर्तव्यं सांगितली आहेत: रुग्ण हाती घ्यायचा की नाही हे काळजीने ठरवणं, कोणता उपचार द्यायचा हे काळजीने ठरवणं आणि तो उपचार काळजीने करणं. यातलं एकही मोडलं तर रुग्णाला भरपाई मागता येते. त्या आई-वडिलांना मंजूर झालेली रक्कम होती ३,००० रुपये.

दुसरी बाजूही लक्षात ठेवा. मुंबईतल्या बॉम्बे हॉस्पिटलविरुद्ध राष्ट्रीय आयोगाने १४ लाखांहून अधिक भरपाई मंजूर केली होती. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये ती रद्द केली. रुग्णाची अवस्थाच गंभीर होती, डॉक्टरांनी आपल्या परीने प्रयत्न केले होते आणि जीव वाचेलच अशी हमी कोणताही डॉक्टर देऊ शकत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. म्हणून पालकांना सांगताना आपण "केस नक्की जिंकाल" असं कधीही म्हणू नये.

२. एकच चूक, दोन निकाल

आता दोन प्रकरणं शेजारी ठेवून पाहूया. मला सगळ्यात जास्त यांनीच शिकवलं.

*पहिलं, औरंगाबादचं (आताचं छत्रपती संभाजीनगर).* जुलै १९६३. सरकारी रुग्णालयात एका बाईंचं बाळंतपण झालं आणि तीन दिवसांनी, १३ जुलैला, कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली. लगेच ताप चढला, पोटात असह्य दुखू लागलं. नवरा डॉक्टरांकडे जाऊन सांगत राहिला. १९ जुलैला टाके उघडले, तेव्हा पोटात रक्त टिपायचं कापड राहिलेलं सापडलं आणि पू झाला होता. २४ जुलैला त्या बाई गेल्या. मागे नवरा आणि लहान मुलं.

त्यांनी दिवाणी दावा लावला. खालच्या कोर्टाने ३६,००० रुपये मंजूर केले. उच्च न्यायालयाने ते रद्द केले. मग सर्वोच्च न्यायालय. 'अच्युतराव खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या प्रकरणाचा निकाल लागला २० फेब्रुवारी १९९६ रोजी. न्यायालयाने ३६,००० रुपयांचा हुकूम पुन्हा कायम केला आणि दोन महत्त्वाच्या गोष्टी सांगितल्या:

- पोटात कापड राहणं ही अशी गोष्ट आहे की हलगर्जीपणा झाला हे ती स्वतःच सांगते. दुसऱ्या शस्त्रक्रियेमुळे त्रास वाढला असं समजलं, तरी कापड राहिलं नसतं तर ती शस्त्रक्रिया करावीच लागली नसती.
- रुग्णालय चालवणं हे काही फक्त राजसत्तेचं काम नाही. त्यामुळे आपल्या नोकरांच्या चुकीची जबाबदारी सरकारला टाळता येत नाही.

*दुसरं, गोव्यातल्या एका परिचारिकेचं.* १९९३ साली मुंबईत त्यांच्या पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली. नंतर वर्षानुवर्षं पोट दुखत राहिलं, त्या गोळ्या घेत राहिल्या. २००२ मध्ये पुन्हा शस्त्रक्रिया झाली तेव्हा आत गॉजचा तुकडा सापडला. २००४ मध्ये त्यांनी ग्राहक आयोगात तक्रार केली. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तक्रार मुदतीबाहेर आहे. त्याचा तर्क असा होता: नुकसान लपलेलं असेल तर मुदत ते कळल्यापासून मोजतात हे खरं, पण "योग्य चौकशी केली असती तर जेव्हा कळलं असतं" तेव्हापासूनही मोजतात. अनुभवी परिचारिका असून सुमारे नऊ वर्षं दुखणं काढलं आणि मूळ डॉक्टरला एकदाही विचारलं नाही, हे न्यायालयाला पटलं नाही.

चूक एकच, शरीरात राहिलेलं कापड. एका घराला तेहतीस वर्षांनी का होईना, भरपाई मिळाली. दुसऱ्या बाईंना काहीच नाही. दुखणं दोघींचंही खरं होतं, फरक पडला तो वेळेमुळे. म्हणून या पाठातलं मुख्य वाक्य वहीत लिहून घ्या:

भरपाई दुःख पाहून मिळत नाही. मुदतीत मागितली आणि कागदाने दाखवली, तरच मिळते.

३. भरपाई कशाकशाची मिळते?

बहुतेक पालकांना वाटतं की भरपाई म्हणजे "बिल परत". माझ्याकडे आलेल्या भाऊंनाही बावीस हजार म्हणजे पूर्ण पैसे वाटत होते. प्रत्यक्षात बिल ही यादीतली फक्त पहिली ओळ असते.

१) *झालेला खर्च:* दवाखान्याचं बिल, औषधं, तपासण्या, चूक दुरुस्त करायला दुसऱ्या रुग्णालयात झालेला खर्च, गाडीभाडं.

२) *पुढे येणारा खर्च:* पुन्हा शस्त्रक्रिया, व्यायामोपचार, कृत्रिम अवयव. १९९६ साली चेन्नईच्या सरकारी रुग्णालयात अपुऱ्या दिवसांची एक मुलगी जन्मली. अशा बाळांच्या डोळ्यांची जी तपासणी वेळेत व्हायला हवी, ती झाली नाही आणि तिची दृष्टी गेली. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला सुमारे १ कोटी ८० लाख रुपये दिले. पुढच्या आयुष्यभराचा उपचार आणि वाढती महागाई, दोन्ही त्यात धरले होते.

३) *बुडालेली कमाई:* उपचाराच्या काळातली आणि पुढच्या आयुष्यातली.

४) *सांभाळणाऱ्या माणसाचा खर्च:* हैदराबादच्या निजाम्स इन्स्टिट्यूटमध्ये १९९० साली शस्त्रक्रियेनंतर अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थ्याचा कमरेखालचा भाग लुळा पडला. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये १ कोटी रुपये दिले. त्यात सोबतीला लागणारा माणूस, शुश्रूषा, व्यायामोपचार आणि गेलेली कमाई यांचा वेगवेगळा हिशोब होता. आपल्याकडे हे काम आई किंवा बायको करते, म्हणून कुणी ते खर्चात धरतच नाही. धरायला हवं.

५) *वेदना आणि मनस्ताप:* हा फक्त रुग्णाचा नसतो. दिल्लीतल्या एका रुग्णालयात परिचारिकेने चुकीचं इंजेक्शन दिलं आणि एका लहान मुलाच्या मेंदूला कायमची इजा झाली. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने मुलासाठी साडेबारा लाख आणि आई-वडिलांसाठी वेगळे ५ लाख कायम केले. पैसे देऊन सेवा घेणारे पालकही ग्राहक आहेत, असं त्यात स्पष्ट म्हटलं. पालकहो, हा मुद्दा आपल्यासाठी फार मोलाचा आहे.

६) *मृत्यू झाला असेल तर:* घराचा गेलेला आधार, जोडीदाराची आणि आई-वडिलांची गेलेली साथ, अंत्यविधीचा खर्च. गृहिणी गेली तर "ती कुठे कमावत होती?" असं विचारतात. भोपाळच्या एका डेंग्यूच्या प्रकरणात २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीच्या घरातल्या कामाचं मोल धरून कुटुंबाला १५ लाख रुपये दिले.

७) *व्याज आणि तक्रारीचा खर्च:* निकालाला वर्षं लागतात, म्हणून व्याजाची मागणी तक्रारीतच लिहावी.

४. थोडं गणित करूया

कमाईची भरपाई ठरवण्याची एक पद्धत मोटार अपघातांच्या दाव्यांतून आली आहे. वैद्यकीय प्रकरणांत आयोगावर ती बंधनकारक नाही. आयोग एकरकमी आकडाही ठरवतो आणि तो पुष्कळदा कमी असतो. पण मागणीचा आकडा हवेतून न आणता हिशोबाने मांडायचा, तर ही पद्धत उपयोगी पडते.

समजा, हमालाचं वय ३४ आणि कमाई महिना १५,००० रुपये.

- भविष्यातली वाढ ४० टक्के (वय चाळिशीच्या आत, कायमची नोकरी नाही): १५,००० + ६,००० = २१,०००
- वर्षाचे: २१,००० × १२ = २,५२,०००
- ३१ ते ३५ वयासाठी गुणक: १६

सरकारी रुग्णालयाने अपंगत्वाचा दाखला ४० टक्क्यांचा दिला. तो आकडा तसाच धरला तर २,५२,००० च्या ४० टक्के म्हणजे १,००,८००. गुणिले १६ = १६,१२,८००.

पण थांबा. शरीराचं अपंगत्व आणि कमाईचं नुकसान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये एका अपघाताच्या दाव्यात हे नीट समजावून सांगितलं. हात गेला तर सुताराची किंवा ड्रायव्हरची जवळजवळ सगळी कमाई जाते, पण कारकुनाची नोकरी टिकू शकते. दाखला एकच, नुकसान वेगळं. आपल्या हमालाची मूठ मिटत नाही, म्हणजे खोका उचलता येत नाही. कमाईचं नुकसान ८० टक्के आहे हे पटवता आलं तर २,५२,००० च्या ८० टक्के म्हणजे २,०१,६००. गुणिले १६ = ३२,२५,६००.

दाखल्यावरचा ४० चा आकडा तोच. पण "हा माणूस कोणतं काम करतो" हे सिद्ध करणाऱ्या कागदाने रक्कम दुप्पट झाली. गोदामाची हजेरी, ठेकेदाराचं पत्र, बँकेत जमा झालेली मजुरी हे कागद म्हणूनच महत्त्वाचे.

एक खबरदारी. हात मुळात खोका पडून मोडला होता. तो मोडल्याबद्दल डॉक्टर जबाबदार नाही. चुकीच्या उपचाराने जेवढं नुकसान वाढलं, तेवढंच डॉक्टरकडून मागता येतं. कामावर झालेल्या मूळ अपघाताची भरपाई मालकाकडून मागायची असते, त्यासाठी वेगळा कायदा आहे किंवा ईएसआयचं कार्ड. हे दोन दावे एकमेकांत मिसळू नका.

आणि पेपरातल्या मोठ्या आकड्यांनी हुरळून जाऊ नका. कोलकात्याच्या प्रकरणात २०१३ मध्ये सुमारे ६ कोटी आणि वर व्याज मंजूर झालं, ते खरं आहे. पण गेलेल्या बाई अमेरिकेत काम करणाऱ्या बालमानसतज्ज्ञ होत्या. भरपाई कमाईशी बांधलेली असते, त्यामुळे गरिबाच्या हाताची किंमत कागदावर कमीच निघते. हा अन्याय आहे असं मला वाटतं, पण नियम आज असा आहे.

५. मागायची कुठे?

*खाजगी रुग्णालय:* ग्राहक आयोग. १९९५ साली 'इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता' या निकालाने पैसे घेऊन दिलेला उपचार ही ग्राहक कायद्यातली सेवा ठरली. २०१९ च्या नव्या कायद्यानंतर डॉक्टर यातून सुटले का, असा वाद मुंबई उच्च न्यायालयात आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला. २०२२ मध्ये उत्तर मिळालं: सुटले नाहीत.

*सरकारी रुग्णालय:* जिथे सगळ्यांनाच मोफत उपचार मिळतो, ते ग्राहक कायद्यात येत नाही. केस पेपरची नाममात्र फी भरली म्हणून आपण ग्राहक होत नाही. पण रस्ता बंद नाही. औरंगाबादच्या कुटुंबासारखा दिवाणी दावा करता येतो. जिथे काहींकडून पैसे घेतात आणि काहींना मोफत देतात, तिथला मोफत रुग्णही ग्राहक धरला जातो.

*ईएसआय रुग्णालय:* आपल्या गोदामांतल्या ज्या पालकांच्या पगारातून ईएसआय कापलं जातं, त्यांनी हे लक्षात ठेवावं. वर्गणी भरलेली असते म्हणून हा उपचार मोफत धरला जात नाही आणि ग्राहक आयोगात तक्रार करता येते. सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये हे स्पष्ट केलं आहे.

ग्राहक आयोगाबद्दल एवढं पाठ करून ठेवा:

- मुदत दोन वर्षं. उशिराला सबळ कारण असेल तरच माफी मिळते, पण त्या भरवशावर राहू नये.
- कोणत्या आयोगात जायचं हे मागणीवर नाही, तर आपण उपचारासाठी दिलेल्या पैशांवर ठरतं. ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग. म्हणजे आपल्यासारख्या जवळपास सगळ्यांसाठी ठाणे जिल्हा आयोग.
- दिलेले पैसे ५ लाखांपर्यंत असतील तर तक्रारीची फी शून्य.
- रुग्णालय कुठेही असो, आपण राहतो तिथल्या जिल्ह्यात तक्रार करता येते. ऑनलाइनही करता येते. माहितीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.
- वकील सक्तीचा नाही. पण वैद्यकीय प्रकरण किचकट असतं, जाणकार सोबत असलेला बरा. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१००.
- जिल्हा आयोगाच्या निकालावर ४५ दिवसांत अपील करता येतं. अपील करणाऱ्या रुग्णालयाला आधी निम्मी रक्कम भरावी लागते.

महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे तक्रार केली तर डॉक्टरच्या नोंदणीवर कारवाई होऊ शकते, पण पैसे मिळत नाहीत. फौजदारी गुन्ह्यासाठी ढोबळ, अक्षम्य निष्काळजीपणा दाखवावा लागतो, साधी चूक पुरत नाही. आणि रुग्णालयात तोडफोड केली तर उलटंच होतं. महाराष्ट्राच्या २०१० च्या कायद्याप्रमाणे तीन वर्षांपर्यंत तुरुंग आणि नुकसानीच्या दुप्पट रक्कम आपल्यालाच भरावी लागते.

आणखी एक शब्द ओळखून ठेवा: सानुग्रह मदत. जानेवारी २०२१ मध्ये भंडारा जिल्हा रुग्णालयात आग लागून दहा नवजात बाळं गेली. राज्य सरकारने प्रत्येक कुटुंबाला ५ लाख रुपये जाहीर केले. ही मदत सरकार आपल्या मर्जीने देतं, त्यात दोष कुणाचा हे ठरत नाही. भरपाई हा हक्क आहे आणि ती दोष ठरवून मिळते. मुलांना हे दोन शब्द वेगळे शिकवा.

६. कागद : पहिल्या आठवड्यातलं काम

१) उपचाराच्या सगळ्या कागदांच्या प्रती लेखी मागा. मागणीनंतर ७२ तासांत त्या द्याव्यात असा डॉक्टरांच्या आचारनियमात नियम आहे. रुग्ण किंवा नातेवाइकाला कागद नाकारता येत नाहीत, असं मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्येच सांगितलं आहे. तीन वर्षांपर्यंतचेच कागद जपून ठेवण्याचं बंधन असतं, म्हणून उशीर नको.

२) पक्की पावती घ्या. आपल्याकडे साध्या चिठ्ठीवर आकडा लिहून देतात. पावती नसेल तर आपण पैसे दिले हेच सिद्ध करणं अवघड होतं. ऑनलाइन पैसे भरले असतील तर ती नोंद जपा.

३) मूळ कागद, एक्स-रे, मेमरी कार्ड कुणालाही देऊ नका, "काम करून देतो" म्हणणाऱ्या एजंटला तर मुळीच नाही. द्यायची ती झेरॉक्स.

४) दुसऱ्या रुग्णालयाचं मत लेखी घ्या. प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाचा दाखला लागतोच असं नाही, पण असला तर तक्रार भक्कम होते.

५) मृत्यू संशयास्पद वाटला तर शवविच्छेदनाची मागणी करा. त्या क्षणी हे बोलणं फार जड जातं, पण नंतर तो पुरावा मिळत नाही.

६) तारखांची वही ठेवा: केव्हा गेलो, कुणाला सांगितलं, काय उत्तर मिळालं. "बोटं निळी पडली म्हणून रात्री ११ ला सांगितलं" ही एक ओळ पुढे फार उपयोगी पडते.

७) "तक्रार नाही" अशा कागदावर घाईत सही करू नका. सहीने सगळे रस्ते बंद होतातच असं नाही, पण ती सही आपल्याविरुद्ध पुरावा म्हणून पुढे येते.

७. नमुना पत्र

आठवी ते दहावीला आपण औपचारिक पत्र शिकवतो. एकदा हे पत्र लिहून घ्या.

> प्रति,
> मा. वैद्यकीय अधीक्षक / संचालक,
> (रुग्णालयाचं नाव व पत्ता)
>
> विषय : उपचाराच्या संपूर्ण कागदपत्रांच्या प्रती मिळण्याबाबत.
>
> महोदय / महोदया,
>
> मी / माझे (नाते) आपल्या रुग्णालयात दि. ____ ते दि. ____ या काळात उपचार घेत होतो / होते. नोंदणी क्रमांक ____. या काळातील केस पेपर, डॉक्टर व परिचारिकांच्या नोंदी, तपासणी अहवाल, एक्स-रे, शस्त्रक्रियेची नोंद, संमतीपत्र, बिल व डिस्चार्ज कार्ड यांच्या साक्षांकित प्रती नियमानुसार ७२ तासांत मिळाव्यात, ही विनंती. प्रतींचे शुल्क भरण्यास मी तयार आहे.
>
> आपला / आपली विश्वासू,
> (सही, नाव, पत्ता, दिनांक)

पत्र दोन प्रतींत न्या, एका प्रतीवर पोच घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा.

८. वर्गात काय घेता येईल?

- *गणित:* वर दिलेला हिशोब वय आणि कमाई बदलून सोडवणे. टक्केवारीचा इतका जिवंत सराव दुसरा मिळणार नाही.
- *मराठी:* वरील पत्र, आणि "भरपाई" व "मदत" या शब्दांतला फरक पाच ओळींत.
- *नागरिकशास्त्र:* औरंगाबादचं प्रकरण सांगून चर्चा: ३६,००० रुपयांसाठी ३३ वर्षं का लढायचं? माझ्या वर्गात एक मुलगी म्हणाली, "पैशांसाठी नाही मॅडम, चूक झाली हे कुणीतरी लिहून द्यावं म्हणून." मला याहून चांगलं उत्तर अजून सुचलेलं नाही.

शेवटी

त्या भाऊंनी सही केली नाही. पत्र त्यांच्या मुलानेच लिहिलं, मी फक्त शुद्धलेखन तपासलं. पहिल्या खेपेला दवाखान्याने पोच दिली नाही, मग रजिस्टर पोस्टाने पाठवलं. कागद आले ते अर्धवट, रात्रीच्या नोंदींचं पान त्यात नव्हतं. पण घरच्यांच्या मोबाईलमध्ये त्या रात्री काढलेला बोटांचा फोटो होता आणि फोटोवर वेळ होती. विधी सेवेतून वकील मिळाले आणि दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल झाली.

निकाल काय लागेल ते मला माहीत नाही. कदाचित कमी मिळेल, कदाचित काहीच नाही, वर्षंही लागतील. भाऊ आता गोदामात गेटवर नोंदी करायला बसतात, पगार निम्मा झाला आहे. पण डाव्या हाताने लिहायला शिकले आहेत. तारखेच्या दिवशी ठाण्याला जाताना फाईल स्वतः धरतात आणि त्यातला कोणता कागद कशासाठी आहे हे मुलाला सांगतात.

तुमच्या शाळेतही असा कागद घेऊन कुणीतरी येईल. तेव्हा "दोन दिवस थांबा" एवढं म्हणून थांबू नका. हा पाठ उघडा आणि त्यांच्याबरोबर बसून वाचा.